गेरीसाहेबांची हरकत

काही माणसं सभेचं आमंत्रण आलं नाही तर आमंत्रण न देणाऱ्यावर रागावतात आणि आलं तर सभेवर. दुसऱ्यानं मांडलेल्या ठरावात त्यांना खोट दिसते. ठराव त्यांचा स्वतःचाच असेल, तर तो इतक्या सहज मंजूर कसा होतोय याचा संशय येतो. मॅसॅच्युसेट्सचे एल्ब्रिज गेरी हे या कुळाचे मूळपुरुष नसतील, पण मानकरी नक्कीच. १७८७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेची राज्यघटना लिहायला फिलाडेल्फियात ५५ जण हजेरी लावून गेले. त्यांत वॉशिंग्टन होते, फ्रँकलिन होते, मॅडिसन होते. आणि गेरीसाहेब होते, म्हणजे चर्चा लवकर संपण्याची भीती नव्हती.

माणूस भित्रा मात्र नव्हे. मार्बलहेडच्या खारवलेल्या मासळीच्या व्यापारात घरानं पैसा केला होता. तो सांभाळत गप्प बसायचं सोडून गेरींनी १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. बंड फसलं असतं तर ती सही फासावर नेणारी होती. इथला प्रत्येक जण गेरी असता तर देशाच्या स्वातंत्र्याला पृथ्वी-पाताळातून धोका नव्हता, असं जॉन अ‍ॅडम्सनं तेव्हा लिहून ठेवलं. प्रत्येक जण गेरी असता तर जाहीरनाम्याचा मसुदा कधी मंजूर झाला असता, हे मात्र त्यानं लिहिलं नाही. गेरींची अंगकाठी किरकोळ. व्हर्जिनियाचे बेंजामिन हॅरिसन देहानं अगडबंब. सह्या होत असताना हॅरिसन त्यांना म्हणाले म्हणे, ‘फाशी देतील तेव्हा मी माझ्या वजनानं झटक्यात सुटेन. तुम्ही मात्र तास-दोन तास लोंबकळत राहाल.’ पुढची अडतीस वर्षं पाहिली तर हॅरिसनना माणसाची पारख होती म्हणायचं.

फिलाडेल्फियातली बैठक गुप्त. दारावर पहारा, खिडक्या बंद, बाहेर उकाडा आणि आत गेरी. बोलताना ते अडखळत, पण अडखळणारा माणूस थांबतोच असं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं की देशाचं सगळं दुखणं लोकशाहीच्या अतिरेकातून आलंय. पुढे सप्टेंबरात तेच साहेब सामान्य नागरिकाच्या हक्कांसाठी हटून बसले. यात विसंगती शोधू नये. आधी त्यांची लोकांवर हरकत होती, मग सरकारवर. दोघांनाही समान न्याय.

जुलैत मोठी राज्यं आणि छोटी राज्यं हातघाईवर आली, तेव्हा तडजोडीसाठी समिती नेमली गेली आणि तिच्या अध्यक्षपदी बसवले गेरींना. हरकत घेणाऱ्यालाच अध्यक्ष केलं की तो गप्प बसतो, हा सभाशास्त्रातला जुना तोडगा. समितीनं तोडगा काढलाही : एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला समान मत. त्यावरच अमेरिकेची संसद आजही उभी आहे. अहवाल सभेपुढे आला तेव्हा अध्यक्षमहाराज उठले आणि म्हणाले की समितीत मी संमती दिली खरी, पण या अहवालावर माझ्या गंभीर हरकती आहेत!

ऑगस्टमध्ये त्यांनी शांततेच्या काळात खडं सैन्य दोन-तीन हजारांच्या वर नको, अशी सूचना केली. त्यावर वॉशिंग्टन शेजाऱ्याच्या कानात पुटपुटले, ‘मग शत्रूनंही तीन हजारांहून जास्त माणसं आणू नयेत, असंही कलम घाला,’ अशी एक दंतकथा आहे. सप्टेंबरात उपराष्ट्राध्यक्षाचा विषय निघाला. त्यानं सिनेटचं अध्यक्षस्थान भूषवायचं, अशी योजना होती. गेरी म्हणाले, मग राष्ट्राध्यक्षालाच तिथं नेऊन बसवा ना, दोघांचं गूळपीठ असणारच! गूव्हर्नर मॉरिस शांतपणे म्हणाले की तसं झालं तर बापावर माया करणारा हा जगातला पहिलाच युवराज ठरेल. रॉजर शर्मनना वेगळीच काळजी. ते म्हणाले, हे काम काढून घेतलं तर बिचाऱ्याला दुसरं काम काय उरणार?

१२ सप्टेंबरला गेरींनी नागरिकांच्या हक्कांची सनद तयार करायला समिती नेमा, असा प्रस्ताव मांडला. जॉर्ज मेसननं अनुमोदन दिलं. मतदान राज्यवार होतं. एकाही राज्याचं मत मिळालं नाही, गेरींच्या स्वतःच्या राज्याचंही. चार महिने हरकती ऐकून थकलेल्या सभेला ही आणखी एक वाटली. तीन दिवसांनी त्यांनी सही न करण्याची कारणं वाचली. सिनेटची मुदत, संसदेनं स्वतःचं मानधन स्वतः ठरवणं, तो उपराष्ट्राध्यक्ष, असं करत यादी लांबत गेली. आणि शेवटी म्हणाले, हे सगळं मी एक वेळ गिळेन, पण संसदेचे अमर्याद अधिकार आणि ज्यूरीविना न्यायालय गिळणार नाही. १७ सप्टेंबरला वयोवृद्ध फ्रँकलिननं भाषण लिहून आणलं होतं. नेहमी आपलंच खरं असतं असं म्हणणाऱ्या एका फ्रेंच बाईची गोष्ट त्यात होती. सभेत खसखस पिकली असेल, पण गेरींना ती आपल्यावर रोखलेली वाटली. तसं त्यांनी सांगितलंही. ३९ जणांनी सह्या केल्या. हजर असून न करणारे तिघे : मेसन, रँडॉल्फ आणि अर्थात गेरी.

पुढे घटनेच्या मंजुरीसाठी भरलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या सभेत त्यांना फक्त प्रश्नांची उत्तरं द्यायला बोलावलं होतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते द्यायला लागले, तेव्हा फ्रान्सिस डॅनानं नियमावर बोट ठेवून हरकत घेतली. प्रकरण हातघाईवर आलं. गेरी जे बाहेर पडले ते पुन्हा फिरकले नाहीत. आयुष्यभर इतरांना पाजलेला काढा स्वतः प्यायची वेळ आली की तो फारच कडू लागतो.

तरीही हिशेब मांडायचाच तर एवढा मांडा. ज्या प्रस्तावाला एकही मत पडलं नाही, तीच हक्कांची सनद १७९१ मध्ये दहा दुरुस्त्यांच्या रूपानं घटनेला जोडावी लागली. आज अमेरिकन माणूस घटनेचा दाखला देतो तो बहुधा त्या दहांतल्याच एखाद्या कलमाचा असतो. ‘गेरींनी तेवढीच एक हरकत घ्यायची होती, बाकीच्या कशाला?’ असं म्हणणं सोपं आहे. पण हरकतदार फुटकळ विकत मिळत नाही. बाराव्या हरकतीत सोनं निघणार हे माहीत नसतं, म्हणून पहिल्या अकरा ऐकाव्या लागतात. सभेला हा सौदा महाग पडतो, देशाला स्वस्त.

गेरींना स्वतःला मात्र न घेतलेली एक हरकत महागात पडली. १८१२ मध्ये गव्हर्नर म्हणून त्यांनी एका मतदारसंघ-फेररचनेच्या कायद्यावर सही केली. तो त्यांना फारसा पसंत नव्हता म्हणतात. जिथं अडून बसायचं तिथंच हे सरळ सही करून मोकळे झाले, आणि सोयीचे वेडेवाकडे मतदारसंघ कापण्याच्या उद्योगाला जगभर त्यांचं नाव चिकटलं. मग १८१३ मध्ये ते मॅडिसनचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. होय, तेच पद. सिनेटच्या त्याच खुर्चीत बसले आणि नियमानं बसले. २३ नोव्हेंबर १८१४ रोजी सिनेटकडे निघालेले असतानाच त्यांचं निधन झालं. घरची स्थिती बेताची होती, म्हणून मुदतीचा उरलेला पगार त्यांच्या पत्नीला द्यावा असं सिनेटनं ठरवलं. प्रतिनिधिगृहानं ते फेटाळलं. सरकारी तिजोरीतून, कामाविना, आणि तेही संसदेच्या मर्जीनं पगार? गेरीसाहेब सभागृहात असते, तर पहिले तेच उठून उभे राहिले असते.