चढाला छाती, उताराला वाटी

दुखापतींनाही प्रतिष्ठा असते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडला, त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि सगळा देश हळहळला. माझ्या गुडघ्याचं बिनसलं ते सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेवर. हळहळायला तिथे फक्त ताकवाल्या मावशी होत्या आणि त्याही माझ्यासाठी नव्हे, "अहो, ग्लास! ग्लास ठेवा की!" म्हणून मागून ओरडत होत्या.

पुण्यात चाळिशी उलटलेल्या पुरुषाला एक तर शेअर बाजाराचं वेड लागतं, नाहीतर धावण्याचं. पहिल्याला भांडवल लागतं, म्हणून मी दुसरं घेतलं. मधल्या वारी कालव्याच्या कडेनं धावायचं, रविवारी सिंहगड चढायचा आणि पावसाळा सरता सरता साताऱ्याची हिल मॅरेथॉन. २०१२ पासून होणारी ही २१ किलोमीटरची शर्यत. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच घाटानं उतरून साताऱ्यात यायचं. मी नाव नोंदवलं होतं, टी-शर्ट एक साइज लहान मागवला होता (तोवर बारीक होऊच, या हिशेबानं) आणि मुख्य म्हणजे ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं होतं. सराव केला तो सगळा चढाचा. उतार काय, पृथ्वी आपली आपण खाली ओढते, त्याचा कसला सराव?

तर त्या रविवारी गड उतरताना अर्ध्या वाटेत ताक घेत उभा होतो. तेवढ्यात कानात बोंडं खुपसलेला एक पोरगा "काका, साइड" म्हणत उड्या मारत खाली गेला. 'काका' मी एक वेळ सोडलं असतं. 'साइड' नाही सोडवलं. आतकरवाडीपासून गडावर जायला सुमारे ६०० मीटरचा उभा चढ आहे. त्यातला उरलेला निम्मा मी ग्लास हातात धरून, दगडावरून दगडावर टाचा आपटत उतरलो. पार्किंगपाशी त्याला गाठलं. त्यानं कानातलं बोंडूक काढलं आणि अदबीनं विचारलं, "काका, काही हवं होतं का?"

गुडघा तिथे चकार शब्द बोलला नाही. तो बोलला दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध आणायला जिना उतरताना. चढताना गप्प, उतरताना कळ. सपाटीवर गप्प, खुर्चीतून उठताना कळ. आठवडाभर मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, मग त्यानं माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि एके दिवशी मधल्या जिन्यात मला तसाच उभा ठेवला.

अस्थिरोगतज्ज्ञांनी गुडघा दाबून, वाकवून, हलवून पाहिला आणि अचानक विचारलं, "नाटकाला जाता का?"

मला वाटलं, तिकिटं खपवायची असतील. म्हटलं, "जातो. संगीत असेल तर जास्त आवडतं."

"पहिल्या अंकात दुखतं की दुसऱ्या?"

मग उलगडा झाला. बराच वेळ गुडघा वाकवून बसलं की दुखायला लागणं ही या आजाराची खूणच आहे आणि डॉक्टरमंडळी तिला नाटक-सिनेमाच्या नावानंच ओळखतात. माझं दुसऱ्या अंकात दुखायचं. तिसऱ्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसून पाय लांब करायला जागा नसते. एकदा पुढच्या बाईंच्या पर्सचा आधार घेतला होता, त्या विषयाची आठवण नको.

एक्स-रे निघाला स्वच्छ. मी खट्टू झालो. एवढं लंगडून पदरात काहीच नाही? "एमआरआय करून टाकू का?" मी आशेनं विचारलं. "कशाला? चाळिशीनंतर कुणाचाही काढला तरी काहीतरी सापडतंच," असं म्हणून त्यांनी कागदावर 'रनर्स नी' लिहिलं. नावात धावपटू असल्यानं मला जरा बरं वाटलं. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून वरखाली होते, सरकत्या दाराचं चाक पट्टीतून फिरावं तशी. भार वाढला किंवा ओढ वाकडी झाली की ती चुरचुरायला लागते. उतारावर भार वाढतोच, कारण मांडीच्या स्नायूला ताणलं जाता जाता शरीराला ब्रेक लावावा लागतो. बर्लिनच्या संशोधकांनी तर कृत्रिम सांध्यातच मोजयंत्र बसवून गुडघ्यावरचा भार मोजला: सपाट चालताना शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून जास्त, जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट. माझं वजन ७८ किलो, तेही सकाळी उपाशीपोटी. म्हणजे दर पायरीला २७० किलो. आणि मी दगडावरून दगडावर उड्या मारत होतो, वर ग्लास.

एवढं कळल्यावर घरी येऊन गप्प बसायचं. मी सोसायटीच्या गेटवर सांगितलं. पोटाचं दुखणं खासगी असतं, गुडघा सार्वजनिक. "वंगण संपलं," वॉचमन म्हणाला. "गॅप आला असणार," दुसऱ्या मजल्यावरचे काका. मेथीदाणे भिजवून, निर्गुडीचं तेल, एरंडाच्या पानाचा शेक, डिंकाचे लाडू. लाडवांना मी विरोध केला नाही. शेकायचं की बर्फ लावायचा, यावर दोन विंगांमध्ये तट पडले. बर्फवाल्यांची बाजू पूर्वी भक्कम होती: विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच, हे सूत्र १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरनं रूढ केलं. पुढे त्यानंच सांगितलं की बर्फामुळे दुखापत भरून यायला उशीर होऊ शकतो. तरी दुखणं तेवढ्यापुरतं बधिर होतं म्हणून मी फ्रीजरमधली मटारची पिशवी गुडघ्यावर बांधली. "ते उसळीचे आहेत," बायको शांतपणे म्हणाली. उसळ त्याच रात्री झाली. मी सोडून कुणी खाल्ली नाही.

साडूंचं मत एकच: धावून धावून गुडघे झिजतात. त्यांना गप्प करायला मी २०१७ चा एक मोठा आढावा शोधून काढला. खुब्याची आणि गुडघ्याची संधिझीज हौशी धावणाऱ्यांत ३.५ टक्के, बैठ्या माणसांत १०.२ टक्के. साडूंनी चष्मा लावून पुढची ओळ वाचली. "आणि स्पर्धेत पळणारे १३.३. तू साताऱ्याला नाव घातलंयस ना?"

शेवटी फिजिओथेरपी. तिथली मुलगी माझ्या लेकीहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. "काका, एका पायावर उभं राहून हळूच खाली बसा बघू." आरशात बघतो तर माझा गुडघा लाजून आत वळलेला. "गुडघा निर्दोष आहे, काका. दोष कमरेच्या बाजूच्या स्नायूंचा आहे. दिवसभर बसता ना?" रोज पहाटे उठून धावणारा मी, माझ्यावर बसण्याचा आरोप! पण हिशेब केला: धावणं तासभर, खुर्ची नऊ तास. मुलीचं बरोबर होतं.

तिनं मला कुशीवर आडवं केलं, टाचा जुळवायला लावल्या आणि वरचा गुडघा उघड-मीट करायला सांगितलं. याला म्हणे शिंपला म्हणतात. गुडघ्यांवर रबरी पट्टा चढवला, पिवळा. सगळ्यात हलका. शेजारच्या कॉटवर एक आजी तोच शिंपला करत होत्या आणि त्यांचा पट्टा हिरवा होता. यंदा आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालून आल्या होत्या, अडीचशे किलोमीटर. "तुमचं किती झालं?" त्यांनी विचारलं. "एकवीस," मी म्हणालो. "म्हणजे व्हायचं आहे." "होईल हो," त्या म्हणाल्या आणि आणखी दहा शिंपले उघडले.

खरं सांगतो, दुखणं परवडलं. गुडघ्यासाठी मी उपाशी राहिलो असतो, सुया टोचून घेतल्या असत्या, हजारोंचे बूट तर घेतलेच. पण हॉलमध्ये चटईवर पडून सरळ पाय वर नेणं, वर धरणं, खाली आणणं, तेही रोज? त्यात गोष्ट सांगण्यासारखं काही नाही. धावण्याच्या स्ट्राव्हा अ‍ॅपवर त्याचा नकाशा येत नाही. एकदा कामाच्या मावशी फडकं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दादा, जरा पाय उचला." मी म्हटलं, "उचललेलाच आहे." त्यांनी खालून पुसलं. पुढे आमचा तोच क्रम ठरला.

हळूहळू धावणं सुरू झालं. पावलं आखूड, पण मिनिटाला पाचेक टक्के जास्त. त्यानं वाटीवरचा भार कमी होतो. दुखलं तर दहापैकी तीनपर्यंत चालेल, सकाळपर्यंत ओसरलं पाहिजे. परीक्षा पर्वतीवर: १०३ पायऱ्या, कठडा न धरता. मी चेहरा कोरा ठेवून उतरत असताना एक काठीवाले आजोबा मला ओलांडून गेले. "साइड" म्हणाले नाहीत, एवढी त्यांची माणुसकी.

साताऱ्याला गेलो. यवतेश्वरचा घाट बऱ्यापैकी पळत चढलो, उतार मात्र सांगितल्याप्रमाणे बराचसा चालत उतरलो. चढावर मागे टाकलेली सगळी मंडळी एकेक करून पुढे गेली, काहींनी ओळख दाखवली. मेडल सगळ्यांना सारखंच मिळतं, वेळ त्यावर लिहिलेली नसते. टी-शर्ट लेकीला बसला.

गुडघा आता बरा आहे, डिंकाचे लाडूही चालू आहेत. शिंपल्यांचा कंटाळा पहिल्याइतकाच येतो. पट्टा लाल झालाय. हिरव्याला अजून अवकाश आहे.