फोर्ट मीडचे मास्तर

मास्तरांना ‘काय, बरं आहे ना?’ असं सहज विचारायची सोय नाही. आधी ते पक्कं माहीत असलेलं सांगतात : गुडघा दुखतोय, डावा, मंगळवारपासून. मग माहीत नसलेलं वेगळं काढतात : का दुखतोय ते डॉक्टर सांगतील, मी तर्क करणार नाही. शेवटी पुढची खबर कधी मिळेल ते : गुरुवारी, एक्स-रे झाल्यावर. एवढं बोलून हात मागे बांधतात आणि ‘आणखी कुणाला काही विचारायचंय?’ अशा नजरेने पाहतात. समोर आपण एकटेच उभे असतो.

मेरीलँडमधल्या ओडेंटनला आमच्या घराला लागून त्यांचं घर. अमेरिकेच्या लष्करातून ते मास्टर सार्जंट म्हणून निवृत्त झाले आणि पुढे बरीच वर्षं जवळच्याच फोर्ट मीडवर डिफेन्स इन्फर्मेशन स्कूलमध्ये शिकवत होते. हुद्द्यामुळे म्हणा, पेशामुळे म्हणा, आमच्या घरात ते मास्तर झाले आणि त्यांच्या पत्नी मास्तरीणबाई. तोफ डागायला शिकवणाऱ्या शाळा अमेरिकेत कमी नाहीत. तोफ डागल्यावर लोकांना काय सांगायचं ते शिकवणारी ही शाळा. लष्कर, नौदल, हवाई दल, मरीन, कोस्ट गार्ड आणि आता स्पेस फोर्स, सगळ्यांचे बातमीदार, छायाचित्रकार, निवेदक आणि प्रवक्ते इथे घडतात. ‘सत्यातून बळ’ हे शाळेचं ब्रीद. गंमत अशी, की त्याच तळावर नॅशनल सिक्युरिटी एजन्सीचं मुख्यालय आहे. ही संस्था १९५२ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या गुप्त आदेशाने जन्मली आणि पुढे कित्येक वर्षं ती आहे हेसुद्धा सरकार मोकळेपणी सांगत नसे. म्हणजे एकाच आवारात एका इमारतीत तोंड कसं उघडावं याचं शिक्षण आणि दुसरीत तोंड न उघडण्याचा पगार. मास्तर म्हणतात, ‘शेजार उत्तम. कधी आवाज नाही.’

मास्तरांच्या शाळेत दोन गोष्टींना थारा नाही : खोटं बोलणं आणि ‘नो कॉमेंट’ म्हणणं. ‘नो कॉमेंट’ म्हटलं की ऐकणाऱ्याला आत काहीतरी शिजतंय हे कळतंच. सांगता येत नसेल तर का येत नाही ते सांगा. माहिती बाहेर सोडण्याआधी चार चाळण्या लावा : सुरक्षितता, अचूकता, धोरण आणि औचित्य. यातल्या अचूकतेवर मास्तरांचा विशेष जीव. नावाचं स्पेलिंग चुकलं की उरलेला मजकूर कितीही सुरेख असो, मास्तर त्याला बातमी म्हणायला तयार नसत. सरावासाठी लुटुपुटूची पत्रकार परिषद भरायची आणि शिक्षकच पत्रकार व्हायचे. मास्तर त्यात असा खवट वार्ताहर वठवायचे, की भलेभले कॅप्टन पाण्याचा ग्लास शोधू लागत.

या विद्येची झळ मास्तरीणबाईंना बसते. एकदा काचेचं भांडं फुटलं. ‘कुणी फोडलं?’ या प्रश्नाला उत्तर आलं, ‘साडेचारच्या सुमारास स्वयंपाकघरात एक भांडं फुटलं. कुणालाही इजा नाही. चौकशी सुरू आहे.’ घरात त्या वेळी मास्तर आणि मांजर असे दोघेच होते, आणि मांजर खिडकीत झोपलं होतं. निवेदनात एक अक्षर खोटं नव्हतं. फारच कोंडी झाली की मास्तर म्हणतात, ‘प्रश्न चांगला आहे.’ हे ऐकलं की उत्तर येणार नाही असं खुशाल समजावं, हा मास्तरीणबाईंचा संसाराचा अनुभव.

शाळेचा विषय निघाला की मात्र चारही चाळण्या गळून पडतात. मास्तरांच्या मते शाळा सतत वाढत गेली आणि दर वाढीला थोडी बिघडत गेली. ते स्वतः शिकले सत्तरच्या दशकात, इंडियानातल्या फोर्ट बेंजामिन हॅरिसनला. टाइपरायटरचा खडखडाट, ब्लेडने कापून चिकटवलेल्या टेपा, बोटांना डार्करूमचा वास. तो तळ बंद व्हायचं ठरलं आणि १९९५ मध्ये शाळा फोर्ट मीडला आली. पुढे फ्लोरिडातल्या पेन्साकोलाची लष्करी फोटोग्राफीची शाळाही तिच्यात सामावली. ‘इमारत वाढली, शाळा गेली,’ मास्तर म्हणतात. पण त्यांना शिकवणाऱ्यांचं काय मत होतं, हे बोलता बोलता त्यांच्याच तोंडून निसटलं. ती मंडळी फोर्ट स्लोकमची. न्यूयॉर्कजवळ न्यू रॉशेलसमोरच्या बेटावर तेव्हा ही शाळा होती, ये-जा फेरीबोटीने. १९६५ मध्ये ते बेट सुटलं, आणि इंडियानाच्या मक्याच्या शेतांत कसला पत्रकार घडणार, असं म्हणत त्यांनी निवृत्तीपर्यंत नाकं मुरडली. त्यांच्याही आधीचे लोक पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलसाठी सुस्कारे टाकत असणार. १९४६ मध्ये लष्कराची माहितीशाळा तिथेच सुरू झाली होती. १९५१ मध्ये तिथे वॉर कॉलेज आलं आणि हिला बाडबिस्तरा उचलावा लागला.

वाढीची कारणं मात्र मास्तर निर्विकारपणे सांगतात. व्हिएतनामच्या काळात सायगावला रोज संध्याकाळी लष्कराची पत्रकार परिषद व्हायची. तिच्या आकड्यांवरचा विश्वास इतका उडाला, की पत्रकार तिला ‘पाच वाजताचा खुळेपणा’ म्हणू लागले. १९८३ मध्ये ग्रेनाडावर उतरताना पत्रकारांना सुरुवातीला लांबच ठेवलं. ओरड झाली आणि निवृत्त मेजर जनरल विनंट सायडल यांच्या समितीला उपाय सुचवावे लागले. २००३ मध्ये इराकवर चढाई करताना सहाशेंहून अधिक पत्रकार तुकड्यांबरोबरच होते. मग त्यांच्याशी बोलू शकणारी माणसं नकोत? ‘लष्कराचं तोंड पोळलं की आमचा अभ्यासक्रम बदलतो,’ हा मास्तरांचा सिद्धान्त.

ही विद्या काय चीज आहे ते आम्ही इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात पाहिलं. महाप्रसादाला अंदाजापेक्षा फारच गर्दी झाली आणि मसालेभात संपला. अध्यक्ष रांगेला ‘येतोय, येतोय’ म्हणत होते, खजिनदार स्वयंपाकघराचं दार आतून लावून बसले होते आणि रांगेच्या शेपटाकडे ‘जिलबी कमिटीने दाबून ठेवलीय’ अशी कुजबुज सुरू झाली होती. पाहुणे म्हणून आलेले मास्तर उठले. पाच मिनिटं आत जाऊन आले आणि आरतीचा माइक हातात घेतला. ‘मसालेभात सात वाजून दहा मिनिटांनी संपला. नावं दिली होती त्याहून जास्त लोक आले, हे कारण. आत जिलबी आहे. ती आधी मुलांना मिळेल. पिझ्झा मागवलाय, पाऊण तास लागेल. प्रश्न?’

एका काकूंनी हात वर केला. ‘पिझ्झ्यात कांदा-लसूण आहे का?’

‘ही माहिती आता माझ्याकडे नाही. दहा मिनिटांत देतो.’

दहा मिनिटांच्या आत दिली : आहे. काकूंनी केळं घेतलं, पण कुरकुर केली नाही. रांग चिडीचूप. अध्यक्ष हळूच म्हणाले, ‘असं उघड सांगितलं तर लोक भडकतील, अशी मला धास्ती होती.’ मास्तर म्हणाले, ‘लोक भातावाचून भडकत नाहीत. “येतोय” म्हटल्याने भडकतात.’

आता शाळेत लेखन, फोटो, व्हिडिओ, सगळ्याचा एकच पायाभूत अभ्यासक्रम झाला आहे. नौदलाने तर २००६ मध्येच पत्रकार, छायाचित्रकार, आरेखक आणि छपाईवाला यांना एकाच हुद्द्यात बसवलं. ‘एकाने सगळं करायचं, म्हणजे कुणीच काही धड करायचं नाही,’ असं मास्तर ठासून सांगत. यंदा त्यांची हवाई दलातली नात हाच अभ्यासक्रम पुरा करून आली. आल्या आल्या तिने अंगणात आजोबांची मुलाखत घेतली, व्हिडिओ जोडला, खाली मजकूर लिहिला, आणि मास्तरांचा चष्मा सापडेपर्यंत सगळं तयार. मास्तरांनी सवयीने लाल पेनचं टोपण काढलं. नावाचं स्पेलिंग बरोबर. हुद्दा बरोबर, संक्षेपासकट. तारीख बरोबर. पहिल्याच वाक्यात कोण, काय, कधी, कुठे. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला, आवाज वाढवून. मग पेनला टोपण लावलं.

‘मग आजोबा,’ नात म्हणाली, ‘शाळा बिघडलीय की सुधारलीय?’

मास्तरांनी घसा साफ केला. ‘प्रश्न चांगला आहे.’

स्वयंपाकघरातून मास्तरीणबाई ओरडल्या, ‘सुधारलीय म्हणतात गं!’