पावती फाडणारा माणूस

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्या भागातल्या एका संस्थेच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून वॉकर, कमोडची खुर्ची आणि डोक्याकडून वर होणारा पलंग असा सगळा संसार आम्ही घरी आणला होता. अनामत ठेवायची, किरकोळ भाडं भरायचं आणि माणूस हिंडूफिरू लागला की वस्तू पुढच्यासाठी परत करायची, अशी सोय. सासूबाई यथावकाश ठणठणीत झाल्या, इतक्या की माझ्या चहातल्या साखरेवर पुन्हा लक्ष ठेवू लागल्या. मी टेम्पोतून सामान परत नेलं, अनामत मोजून खिशात घातली आणि लग्नघरातून निघताना आपण "या हं एकदा आमच्याकडे" म्हणतो तितक्याच गांभीर्याने म्हणालो, "काही काम असेल तर सांगा."

पुण्यात या वाक्याला "हो हो, नक्की" असं उत्तर असतं आणि विषय तिथेच मिटतो. कार्यवाहबाईंनी ड्रॉवर उघडून वही काढली.

सुरुवात रद्दीपासून झाली. रविवारी सोसायट्यांमधून रद्दी गोळा करायची, ती विकून आलेले पैसे गरजू रुग्णांच्या औषधांसाठी वापरायचे, असा उपक्रम. काम बिनडोक होतं, म्हणजे माझ्या आवाक्यातलं. वरच्या मजल्यावरून गठ्ठे खाली आणायचे, ताणकाट्याला लावायचे, वजन लिहायचं, टेम्पोत टाकायचे. पण एका घरातून जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आला, त्याची सुतळी जिन्यातच सुटली, अंक पायऱ्यांवर घरंगळले, ते गोळा करायला मी खाली बसलो, बसल्या बसल्या एक चाळला, त्यातली कथा नेमकी रंगात आली आणि शेवटचं पान फाटलेलं निघाल्यामुळे चडफडत मान वर केली, तोवर टेम्पो पुढच्या गल्लीत काय, रद्दीवाल्याच्या गोदामात पोचला होता. गठ्ठा उचलून मी घरी आलो. त्याच सकाळी बायकोने आमच्या घरची रद्दी संस्थेला नेऊन दिली होती. संस्थेसाठी घराबाहेर पडून घरातली रद्दी वाढवणारा मी पहिलाच कार्यकर्ता.

असल्या माणसाला शहाण्या संस्थेने काढून टाकलं असतं. आमच्या संस्थेने माझ्या हातात पावती पुस्तक दिलं.

आता मी राहतो कोथरूडला, कर्वे पुतळ्याच्या जवळ. ज्या अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढून त्याच्यासाठी दारोदार वर्गणी मागितली, आणि १९२९ साली सत्तरी गाठल्यावर महिला विद्यापीठाचं काम सांगत युरोप-अमेरिका पालथी घातली, त्यांच्या पुतळ्याला रोज वळसा घालून मी भाजी आणतो. अंताजी काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून 'पैसा फंड' उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी बायाबापड्यांकडून मूठमूठ धान्य मागून वसतिगृहातली मुलं जेवू घातली, आणि धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. मागणं हा महाराष्ट्राचा मोठा वारसा आहे, असं मी बायकोला ऐकवलं. दागिन्यांपर्यंत आलो तेव्हा ती उठली आणि कपाटाची किल्ली कमरेला खोचून आली.

खरं सांगू का, मध्यमवर्गीय माणसाला देणं जमतं, मागणं जमत नाही. शेजारून विरजण मागायचं तरी आम्ही वाटी पदराआड नेणारी माणसं. मी बेल दाबायचो आणि आत कोणी नसू दे अशी मनोमन प्रार्थना करायचो. दार उघडलंच तर आधी हवापाण्याचं बोलायचो, मग लिफ्टचं, मग पाणीकपातीचं, आणि मुद्द्यावर यायच्या आत घरच्या वहिनी म्हणायच्या, "बरं झालं आलात! आमच्या बचत गटाचे पापड आलेत." पापड घेतले. खालच्या मजल्यावरच्या छोटीने शाळेच्या आनंदमेळ्याची कुपनं पुढे केली, ती घेतली. जिन्यात गणपती मंडळाची पोरं भेटली, त्यांच्याकडे पावती पुस्तक माझ्यापेक्षा जाड आणि आवाज माझ्यापेक्षा मोठा. संध्याकाळी शबनम पिशवी उपडी केली तेव्हा तिच्यात उडदाचे पापड, जत्रेतल्या घसरगुंडीची कुपनं आणि दुसऱ्यांनी माझ्या नावाने फाडलेल्या पावत्या निघाल्या. माझं पुस्तक कोरं होतं.

एका दारी चार्टर्ड अकाउंटंट भेटले. मी पाठ करून गेलो होतो, "देणगीला ८० जीची सवलत आहे बरं का!" त्यांनी मला बसवलं. म्हणाले, एक, रोख २,००० रुपयांच्या वर दिलं तर वजावट मिळत नाही. दोन, नव्या करप्रणालीत ८० जीच नाही, आणि हल्ली वेगळं काही कळवलं नाही तर माणूस आपोआप नव्या प्रणालीतच जातो. तीन, देणगीदाराचा पॅन घ्या, कारण वर्ष संपल्यावर संस्थेला देणगीदारांची यादी १० बीडी फॉर्ममध्ये आयकर खात्याला द्यावी लागते आणि त्याशिवाय १० बीई हे प्रमाणपत्र निघत नाही. मी मान डोलावत सगळं पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं. मग त्यांनी सहज विचारलं, "तुमचं स्वतःचं रिटर्न कोणत्या प्रणालीत आहे?" मला सांगता येईना. त्यांनी ५०१ रुपये देणगी दिली. माझं रिटर्न नीट करण्याची फी त्याहून जास्त झाली.

पुढच्या दारी मी शिकलेलं लगेच वापरायला गेलो. नमस्कार केला आणि म्हणालो, "पॅन नंबर सांगता? मोबाइल नंबरही लागेल." एरवी असे प्रश्न फोनवरून विचारतात आणि बँकेतलं खातं रिकामं करतात. माझं एकच वेगळेपण, मी प्रत्यक्ष आलो होतो. दार लागलं. आतून इंटरकॉमवर बोलल्याचा आवाज आला आणि मी खाली पोचेपर्यंत वॉचमन माझी वाट पाहत उभा. पंधरा वर्षांत ज्याने मला कधी सलाम केला नव्हता त्याने माझं ओळखपत्र मागितलं.

तरी हळूहळू पुस्तक भरलं. शेवटची पावती फाडून मी ते रुबाबात खजिनदारांपुढे ठेवलं. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी आयुष्यात एकाही माणसाच्या जमा-नावेवर विश्वास ठेवलेला नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, अंगठ्याला थुंकी लावून भराभर सगळी उलटली आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं. स्थळप्रती कोऱ्या होत्या. कार्बन मी उलटा घातला होता. नाव, रक्कम, पॅन, सगळा मजकूर देणगीदारांच्या पावतीच्या पाठीवर उलट्या अक्षरांत उमटला होता आणि संस्थेकडे माझ्या हस्ताक्षराचे नुसते दाब उरले होते.

"जा," खजिनदार म्हणाले, "आणि प्रत्येकाकडून पावतीचा फोटो घेऊन या."

त्यामुळे मी पुन्हा त्याच दारांवर गेलो. "अहो, परवा दिली ना देणगी?" "हो, पण जरा पावती दाखवता का?" माणूस पावती शोधायला कपाटं उपसतो, सुनेला हाक मारतो, सून टीव्हीखालचा खण उपसते आणि मी सोफ्याच्या कडेवर अवघडून बसतो. काहींना पावती सापडली. काहींनी "जाऊ द्या हो, हे घ्या" म्हणून पुन्हा पैसे दिले आणि नवी पावती घेतली. एका आजोबांनी तर मी काही बोलायच्या आतच पाकीट काढलं. अशा रीतीने माझ्या दुसऱ्या फेरीचा गल्ला पहिलीपेक्षा वरचढ ठरला आणि वार्षिक सभेत कार्यवाहबाईंनी माझी चिकाटी हा गुण म्हणून सांगितला. खजिनदार छताकडे बघत होते.

या लौकिकामुळे रक्तदान शिबिरात माइक माझ्याकडे आला. मेमध्ये कॉलेजं बंद असतात, लोक गावी जातात, रक्तपेढ्यांत नेमका तेव्हाच तुटवडा पडतो, म्हणून शिबिर मेमध्ये. मी तयारी करून गेलो होतो. एका दात्याचं ३५० मिलिलिटर रक्त, त्यातून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळ्या करता येतात, प्लेटलेट तर जेमतेम पाच दिवस टिकतात, असं सगळं मी भोंग्यावरून रस्त्यावरच्या भाजीवाल्यांपर्यंत पोचवलं. "घाबरताय कशाला? मला बघा!" असं म्हणून बाह्या सरसावत मी स्वतःच रांगेत उभा राहिलो. माइक चालूच होता.

टेबलावर निळंशार पाणी भरलेली काचेची बाटली होती. मोरचुदाचं द्रावण. बोटाला सुई टोचून काढलेला थेंब त्यात सोडतात. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असेल तर थेंब तळाशी जातो, कमी असेल तर तरंगत राहतो. तिथल्या मुलीने माझा थेंब सोडला. तो जरा खाली गेला, थबकला, इकडेतिकडे पाहिलं आणि आरामात वर आला. तिने दुसऱ्या बोटाचा थेंब घेतला. तोही वर.

"काका, पालक खाता का?"

संसारासाठी तीस वर्षं रक्त आटवलं, असं मी घरात येता-जाता म्हणत असे. ते खरं निघालं.

मागे बायको उभी होती. मला न्यायला आली होती, हातात मंडईची पिशवी. मुलीने विचारलं, "काकू, तुम्ही?" बायको म्हणाली, "बघा बाई." तिचा थेंब पाण्यात पडला तो सरळ तळाशी गेला. ती कॉटवर पडली, रबरी चेंडू दाबत राहिली आणि मान वळवून मला म्हणाली, "माइक बंद करा आधी."

तिचं प्रमाणपत्र आता दिवाणखान्यात आहे. सासूबाई आल्यागेल्याला दाखवतात.

तर यंदाही शिबिर मेमध्येच आहे. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर आणि मागच्या रक्तदानाला पुरुषांचे तीन महिने, बायकांचे चार महिने होऊन गेलेले असले म्हणजे झालं. रात्री नीट झोपा, सकाळी पोटभर खाऊन या, उपाशीपोटी येऊन शूरपणा करू नका. नोंदणीच्या टेबलावर बायको असेल. मी बिस्किटं वाटतो.