माजी ट्रेकर

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सोसायटीत एक तरी माजी ट्रेकर असतोच. माजी आमदारासारखा हाही मनाने कधी माजी झालेला नसतो. पोट सुटतं, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, पण माळ्यावरची जुनी सॅक भंगारात द्यायचा विषय निघाला की हा असा बघतो, की बायको मुकाट्याने शिडी जागेवर ठेवून येते.

कॉलेजात असताना याने राजगड-तोरणा केलेला असतो. कोकणकड्याच्या काठावर पालथं पडून खाली डोकावलेलं असतं. राजगडच्या पद्मावती मंदिरात उंदरांच्या सोबतीने रात्र काढलेली असते. तेव्हा आदल्या रात्रीपर्यंत कोण येणार हेसुद्धा ठरलेलं नसायचं. पायात हंटर शूज, शिधा म्हणजे डाळ-तांदूळ आणि दुसऱ्याने आणलेले कांदे, खिशात परतीच्या एसटीपुरते पैसे. तरी सगळे धडधाकट परत यायचे, हे तो अजून सांगतो. तेव्हा रात्रभर त्यांच्या आया काय करत असायच्या, ते सांगत नाही.

अशा माणसाला एके दिवशी मुलगी म्हणते, “बाबा, आपण तंबूत राहायला जाऊ या ना. पण सोप्पं काहीतरी हं.” पहिल्या वाक्याला त्याची छाती फुगते. दुसरं वाक्य कानात शिरेपर्यंत तो माळ्यावर पोचलेला असतो.

पुढचा महिनाभर घरात लग्नाची तयारी असते. जो माणूस एकेकाळी दात घासायचा ब्रशही न घेता हरिश्चंद्रगडावर गेला, तो आता लॅपटॉपवर तक्ता करतो. तक्त्यात ‘शिट्टी’ असते, ‘सुई-दोरा’ असतो, आणि ‘दोर, तीस मीटर’ असतो. दोर कशाला, असं विचारलं की “असावा” एवढंच उत्तर.

जागेचा प्रश्न निघतो. हा म्हणतो, राजमाची. लोणावळ्याहून चालत पंधराएक किलोमीटर, “पण सपाटच आहे गं सगळं.”

“संडास?” बायको विचारते.

मग नाणेघाटातली सातवाहनांच्या काळातली गुहा. तंबूचा खर्च नाही, शिवाय भिंतीवर ब्राह्मी लेख, मुलांचा इतिहासही होईल.

“संडास?”

सह्याद्रीत असले प्रश्न विचारत नाहीत, असं याचं प्रामाणिक मत. बायको वाद घालत नाही. पवना धरणाच्या काठी तंबू भाड्याने देणाऱ्या एका गावकऱ्याला फोन लावते आणि विचारते: कमोड आहे का, नळाला पाणी येतं का, तंबूपासून किती पावलं, रात्रभर दिवा असतो का. दोन मिनिटांत जागा पक्की होते. संध्याकाळी चहा-भजी, रात्री जेवण, सकाळी पोहे, सगळं धरून. माझ्या मते कुटुंबाच्या पहिल्या मुक्कामाची जागा अशीच ठरवावी. तारे सगळीकडे असतात.

“लावून ठेवलेल्या तंबूत झोपायचं म्हणजे लॉजिंग झालं,” माजी ट्रेकर पुटपुटतो. पण भोवताली लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना आहेत, या विचाराने त्याला जरा बरं वाटतं. तुंगाचं दुसरं नाव कठीणगड, तिकोन्याचं वितंडगड. सोप्या कौटुंबिक सहलीला शेजार अगदी शोभेसा.

तारखेचं घोडं ‘कालनिर्णय’पाशी अडतं. आकाश बघायचं तर अमावास्या उत्तम, हे त्याचं शास्त्र. अमावास्येला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे आईचं. दोन्ही शास्त्रं आपापल्या जागी पक्की. शेवटी शुद्ध तृतीयेवर तडजोड होते. चंद्रकोर दोन-अडीच तासांत मावळते, मग मृग, रोहिणी, व्याध दाखवायला रात्र मोकळी. आईलाही चंद्रदर्शन घडतं.

आता तंबू. गावकऱ्याचे तंबू तयार असतानाही हा स्वतःचा आणतोच, आपोआप उघडणारा. त्याची रंगीत तालीम दिवाणखान्यात होते. पट्टा सुटल्याबरोबर तंबू फाडकन उघडतो, टीपॉयवरचा पेपर उडतो आणि पंख्याचं एक पातं तेव्हापासून किंचित वाकडं फिरतं. उघडायला दोन सेकंद. मिटवायला शेजारच्या फ्लॅटमधले दोघे, वॉचमन आणि मोबाइलवरचा व्हिडिओ. व्हिडिओतला माणूस इंग्रजी आठचा आकडा करून तंबू हसत हसत गोल गुंडाळतो. इथे आठाचा नऊ होतो, सहा होतो, आणि रात्री अकराला वॉचमन म्हणतो, “साहेब, असाच उभा गाडीवर बांधू.”

तरी एक सांगायला हवं. या माणसाला कामाच्या गोष्टी खरोखर कळतात. उजेड असताना पोचायचं, तंबू ओढ्याच्या पात्रात किंवा वाळक्या फांदीखाली लावायचा नाही, थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते म्हणून पांघरुणाआधी कॅरीमॅट, आणि ऊब हवी म्हणून पेटते निखारे तंबूत कधीच न्यायचे नाहीत, कारण त्यातून निघणाऱ्या विषारी वायूचा वासही न येता माणूस जातो. हे तो घरच्यांना इतक्या वेळा सांगतो, की धाकटा मुलगा शाळेत जाताना कॅरीमॅट, कॅरीमॅट असं गुणगुणतो.

शनिवारी चारला पोचायचं ठरलेलं. कामशेतपर्यंत वेळ पाळली जाते. पुढे वडापाव, मग राहिलेल्या वडापावाची चटणी, मग आईची गोळी, असं करत पवनानगर मागे टाकेपर्यंत ऊन कलतं. याला जागा दिसते ती थेट पाण्याकाठची. तंबूवाला पोरगा सांगतो, “साहेब, दार तळ्याकडं नका ठेवू. रात्री वारं तिकडनंच येतंय.” माजी ट्रेकर त्याच्याकडे फक्त बघतो. दार तळ्याकडेच राहतं, कारण दृश्य.

मग शेकोटी. “एका काडीत पेटवायचो आम्ही,” असं म्हणत तो लाकडं एकावर एक घट्ट रचतो. अर्धी पेटी संपते. धूर होतो, मुलं खोकतात, शेजारच्या तंबूतले आयटीवाले सहानुभूतीने लायटर देऊ करतात. खुर्चीवर शाल घेऊन बसलेली आई शेवटी उठते. “अरे, वाऱ्याला आत शिरायला वाट ठेव की.” ती दोन ओंडके बाजूला सारते, मध्ये काटक्यांचा खोपा करते, पूजेच्या पिशवीतून कापराची वडी काढते. भडका उडतो. मुलं टाळ्या वाजवतात. “बारा वर्षांची होईतो चूल, कंदील आणि परसाकडं, सगळं हेच,” आई हात झटकत म्हणते. “ह्याला माणशी किती घेतात म्हणालास?”

जेवणानंतर दूरच्या कुठल्याशा तळावर स्पीकर लागतो, पण बराचसा आवाज तळंच गिळतं. चंद्रकोर मावळल्यावर मुलांना मृगाचे तीन तारे सापडतात. व्याध सापडतो. कृत्तिका मोजण्यावरून भांडण होतं. मध्यरात्री वारं तळ्याकडनं येतं. तंबू उलटा होत नाही, फक्त आत बसलेल्या माणसांना आपण शिडात राहतोय असं वाटायला लागतं. तेव्हा दोन्ही मुलं आणि बायको गुपचूप गावकऱ्याच्या तंबूत आईशेजारी जाऊन झोपतात. तिथे वारा नाही, गाद्या आहेत. माजी ट्रेकर एकटा किल्ला लढवतो.

सकाळी पोहे खाताना तो ताजातवाना असतो, हे मात्र कबूल केलं पाहिजे. तीस मीटरचा दोर दोन झाडांना बांधून त्यावर मुलांचे ओले टॉवेल वाळत घातलेले असतात. “बघ, लागला की नाही?” बायको आणखी एक टॉवेल त्याच्या हातात देते.

मग तो जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकायला वृत्तांत लिहायला बसतो. तुंग-तिकोना परिसर, एक मुक्काम, पाच सदस्य, वयोगट सात ते बहात्तर. शेवटच्या ओळीशी अडखळतो. “श्रेणी काय लिहू? सोपी की मध्यम?”

“कठीण लिही,” आई म्हणते. “रात्री दोनदा उठले, दोन्ही वेळा त्या तंबूची चेन सापडेना.”