शेठचे भाऊ झाले

आमच्या तालुक्यात सिमेंट, सळई, खडी म्हटलं की शेठचंच दुकान. गल्ल्याच्या वर दोन आकड्यांना लटकणारी पत्र्याची पाटी: 'आज रोख, उद्या उधार'. एक गोणीसुद्धा कधी उधार सुटली नाही. सख्ख्या मेहुण्यालाही पावती फाडली.

मग एका वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागला: 'भावी आमदार'. त्या दिवसापासून शेठ म्हणायचं नाही, भाऊ म्हणायचं. आम्ही जुनी गिऱ्हाइकं, जीभ वळता वळेना. भाऊ मात्र झटकन वळले. पांढरं लिनन, कपाळाला टिळा, मनगटावर गंड्यादोऱ्यांची जुडी.

अर्जासोबत १०,००० रुपये अनामत, आणि वैध मतांच्या एक षष्ठांशही पडली नाहीत तर ती जप्त, असं वकिलाने सांगितलं. भाऊंनी विचारलं, "व्याज किती?" खर्चाची मर्यादा ४० लाख, हे ऐकून मात्र ते काहीच बोलले नाहीत. पुढे आयोगाला दिलेला हिशेब इतका आटोपशीर होता की मुनीमजींनी तो दोनदा वाचला आणि चष्मा पुसला.

निवडून आले. २८८ जणांत मागचं बाक. डिसेंबरात नागपूरला गेले. सकाळी तर्री-पोहे, संध्याकाळी हुरडा, मध्ये अधिवेशन. पीएने त्यांच्या नावाने एक लक्षवेधी लावली होती, निकृष्ट रस्त्याबद्दल. आवाज चढवून भाऊ निम्म्यापर्यंत आले आणि त्यांना आठवलं, या रस्त्याची खडी आपलीच. "उत्तराने माझं समाधान झालं आहे, अध्यक्ष महोदय," म्हणून खाली बसले. मंत्री अजून उत्तराला उठायचे होते.

दुकान आता पोरगा बघतो. पुढच्या खोलीत भाऊ बसतात. पाटी तीच, नवी कशाला करायची? मागच्या बाजूला 'जनसंपर्क कार्यालय' रंगवून उलटी टांगली आहे. तिच्याखाली दिवसभर नुसती उधारी चालते. रस्ता? मंजूर समज. पूल? पुढच्या बजेटला. बदली? शब्द दिला, जा.

परवा वावटळ आली, पाटीचा एक आकडा निसटला आणि ती गर्रकन फिरली. शिफारसपत्राला आलेल्या एका म्हाताऱ्याने वर बघितलं, अक्षरं जुळवली आणि बंडीच्या खिशातून घडी घातलेली शंभराची नोट काढली.

"रोखच द्यायचं व्हय, शेठ?"

भाऊंनी स्टूल मागवलं. पाटी सरळ करता करता वरूनच म्हणाले, "भाऊ म्हणा, बाबा."