कलेची सेवा, फुकट परवान्यासह

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात कच्चा माल बाजारात आणला की त्याला ‘बीटा’ म्हणतात आणि चुका गिऱ्हाइकाकडूनच शोधून घेतात. नाटकवाल्यांना ही सोय नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हापासून आजवर एकाही नटाला प्रेक्षकांसमोर ‘थांबा, अपडेट येतंय’ म्हणता आलेलं नाही.

तरी हौशी मंडळींना तिकीटविक्रीचं सॉफ्टवेअर फुकटच हवं. सुताराला रोख, टेम्पोवाल्याला आगाऊ; माझ्या वाट्याला ‘कलेची सेवा’. (रंगभूषाकाराला ही सेवा सुचवून पाहा, रावण बिनमिशीचा उतरेल.)

मी देतोच म्हणा. कंपन्यांसाठी राबून कोण टाळ्या वाजवतं? इथे निदान ऋणनिर्देशात नाव येतं, वडेवाल्याच्या खाली. वडा गरम होता, तेव्हा क्रमाबद्दल तक्रार नाही.