कादंबरी : एक अशैक्षणिक काम

अनुदानित शाळेत नोकरी, घरी दोन मुलं आणि सासूबाई, डोक्यात कादंबरी आणि मोबाइलमध्ये अर्धवट राहिलेली वेबसिरीज अशी चौपदरी संपत्ती लाभलेल्या समस्त गुरुजनांसाठी पुढील सूचना निर्गमित करण्यात येत आहेत.

जनगणना, मतदार यादी, निवडणुकीची ड्यूटी, खिचडीच्या तांदळाचा हिशेब ही कामं शिक्षकाचीच, हे आता ठरलेलं आहे. कादंबरी हे त्याच यादीतलं पुढचं काम समजावं. फरक एवढाच की याला प्रशिक्षण नाही, भत्ता नाही आणि केलं नाही तर ‘कारणे दाखवा’ नोटीसही येत नाही. यातला शेवटचा मुद्दा घातक आहे. म्हणून नोटीस स्वतःच स्वतःला काढावी, जावक क्रमांकासह.

प्रथम पूर्वसूरींकडे बघावं. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, पण ‘श्यामची आई’ लिहून झाली ती शाळा सुटल्यावर, 1933 साली नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या काही दिवसांत. तिथे बदली तास लागत नाही, गॅस संपत नाही आणि शेजारचे काका ‘सर, जरा नातवाचं गणित बघता का?’ म्हणत येत नाहीत. मात्र हल्ली या मार्गाची नोंद सेवापुस्तकात लाल शाईने होते. टाळावा.

खरं अनुकरणीय उदाहरण वि. स. खांडेकरांचं. 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी, 1930 मध्ये पहिली कादंबरी, मध्ये संसार आणि 1936 मध्ये ‘छाया’ चित्रपटाची कथा. चारही खाती एकाच माणसाकडे, तीही कोकणातल्या एका गावात बसून! स्टाफरूमचा व्हॉट्सअ‍ॅप गट त्या वेळी नव्हता, हे मान्य. शिवाय या काळात चूल कोण सांभाळत होतं, हा प्रश्न एम. ए.च्या पेपरात येत नाही. शिक्षिका भगिनींनी उत्तर आपापल्या घराकडे बघून लिहावं.

आता वेळेबद्दल. वेळ मिळत नसतो, तो लाटावा लागतो, आणि त्यासाठी मराठी घरात एकच वाक्य चालतं : ‘पेपर तपासतोय.’ ‘लिहितोय’ असं म्हणून पाहा, पाचव्या मिनिटाला दळणाचा डबा हातात येईल. ‘पेपर तपासतोय’ म्हटलं की टीव्हीचा आवाज कमी होतो आणि न मागता चहा येतो. मांडणी अशी करावी. टेबलावर डावीकडे नववी ‘ब’चा गठ्ठा, सुतळी सोडलेली. वरचा पेपर उघडा, तिसऱ्या प्रश्नावर लाल पेनाची अर्धीच खूण. त्याच्याखाली आपले फुलस्केप. पावलं वाजली की गठ्ठा पुढे ओढावा आणि कपाळाला हात लावून म्हणावं, ‘काय लिहून ठेवतात!’ हे स्वतःच्या प्रकरणालाही लागू असल्यामुळे खोटं बोलल्याचं पाप लागत नाही. कादंबरीही लाल पेनानेच लिहावी, म्हणजे ऐन वेळी पेन बदलावं लागत नाही. समासात अधूनमधून अर्धा गुण पडतो, तो प्रकाशकाला समजावून सांगता येईल. पण गठ्ठा परत देताना पानं मोजून द्यावीत. नाहीतर नायिकेची व्यथा नववी ‘ब’च्या पालकसभेत वाचली जाते.

शाळेत लिहायचं तर टाचणवहीइतकी सुरक्षित जागा नाही. तिच्यावर सही होते, वाचन होत नाही. ‘अध्ययन निष्पत्ती’च्या रकान्यात दोन पात्रांचं भांडण आरामात मावतं. फक्त खलनायकाला संस्थेच्या चिटणीसांचं आडनाव देऊ नये. तेवढं मात्र नेमकं वाचलं जातं.

मालिका, आयपीएल, बिग बॉस यातलं काहीही साहित्यसेवेपायी सोडू नये. सासूबाईंच्या मालिकेत एक बाई दारात उभी राहते, घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दिसतो आणि बाकीचं उद्यावर जातं. प्रकरण कुठे तोडावं, याचं याहून स्वस्त शिक्षण कुठेही नाही. फक्त ते घेताना तोंड बंद ठेवावं, निवेदनतंत्रावर भाष्य केल्यास रिमोटचा अधिकार जातो. वर्गातली मुलं ‘वन पीस’ नावाचं अ‍ॅनिमे बघतात, त्याचे भाग हजाराच्या पुढे गेले आहेत. तीच मुलं दोन पानांच्या धड्याला ‘सर, केवढा मोठा’ म्हणतात. या दोन गोष्टींमध्ये फरक काय ते समजलं, तर कादंबरीची निम्मी अडचण सुटेल. धडा लिहिणाऱ्यांना ते अजून समजलेलं दिसत नाही.

‘झाली का कादंबरी?’ हा प्रश्न साडूपासून शिपायापर्यंत सगळे विचारतात. उत्तरं तयार ठेवावीत. विचारणारा वाचक असेल तर नेमाडे सांगावेत : ‘झूल’ 1979 ची, ‘हिंदू’ आली 2010 मध्ये. विचारणारा तरुण असेल तर जॉर्ज मार्टिन सांगावेत : पाचवा खंड 2011 मध्ये आला, त्यावरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिका 2019 मध्ये संपूनही गेली आणि वाचक सहाव्या खंडाची वाट बघत बसले. विचारणारी व्यक्ती पत्नी किंवा पती असेल, तर उत्तर न देता उठून भांडी लावावीत.

पुस्तक छापून आल्यावर पहिली प्रत मुख्याध्यापकांना द्यावी. परिपाठाला नारळ, गुलाबाचं फूल आणि ‘आपल्या शाळेची शान’ हे तीन शब्द मिळतील. ते पुस्तक वाचणार नाहीत, पण ग्रंथालयासाठी पाच प्रती नक्की घेतील. बिल मार्चएंडच्या आत द्यावं, नंतर ते मंजूर होत नाही.